रे रोडची जमीन आणि संगणकाचा नकाशा



भूरूपाचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, दऱ्या आणि शिवारे उभी राहतात. आज मात्र मी आपणांस मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील रे रोड येथे नेणार आहे. वखारी, गोदामे आणि दाटीवाटीच्या वस्त्यांच्या या भागात नजरेत भरेल असा चढउतार नाही. परंतु जेथे उतार डोळ्यांना दिसत नाही, तेथेच तो मोजण्याची गरज अधिक असते.

1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागास मिळाले. 1910 साली कुर्ला ते रे रोड हा रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याच सुमारास पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या पट्ट्यात भराव घालून समुद्राकडून मोठी जमीन मिळविली. त्यापूर्वी, 1865 ते 1872 या वर्षांत, लॉटन या अधिकाऱ्याने मुंबई शहराची तपशीलवार मोजणी केली होती. असा जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर अचूक बसविला, की मूळची भूमी कोणती आणि भरावाची कोणती, हे उलगडू लागते. एकाच जागेविषयीची निरनिराळी माहिती अशी थरावर थर रचून तपासणे, हेच भौगोलिक माहिती प्रणालीचे म्हणजे जीआयएसचे मुख्य कार्य होय.

या थरांतील एक महत्त्वाचा थर उंचीचा असतो. संपूर्ण भूभाग लहान लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनास त्याच्या उंचीचा आकडा दिला जातो. मग संगणक प्रत्येक चौकोनाचे आठही शेजारी पाहतो आणि ज्या दिशेस उतार सर्वांत तीव्र, त्या दिशेस पाणी वाहील असे मानतो. याच साध्या नियमावरून ओढे, पाणलोट आणि पाणी साचण्याच्या जागा यांचे नकाशे तयार होतात.

तथापि हा नियम डोळे मिटून वापरला, तर रे रोडसारख्या ठिकाणी फसगत होते. तिची तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे मोजणीची अचूकता. फेब्रुवारी 2000 मध्ये एका अमेरिकी अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ही माहिती आज विनामूल्य मिळते. पण त्या मोहिमेने उंचीतील 16 मीटरपर्यंतची चूक ग्राह्य धरली होती. सह्याद्रीच्या कड्यांसाठी ती चालेल. जेथे एका मीटरवर पाणी घरात शिरणार की नाही हे ठरते, तेथे चालणार नाही. शिवाय रडारला गोदामाचे छप्पर आणि जमीन यांतील भेद कळत नाही.

दुसरे कारण खोलगट जागांचे. संगणकीय पद्धतीत चारही बाजूंनी बंद असलेला खड्डा ही मोजणीतील चूक समजून बहुधा भरून टाकला जातो. पण परळजवळचा हिंदमाता परिसर खरोखरच बशीसारखा आहे. नकाशावर ती बशी बुजविली, तरी पावसाळ्यात तेथे तुंबणारे पाणी कमी होत नाही!

तिसरे कारण शून्याचे. बंदराचे खाते खोली मोजते ती ओहोटीच्या नीचतम पातळीजवळच्या शून्यापासून. भारतीय सर्वेक्षण विभागाची उंची असते सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. महापालिकेची परंपरागत पातळी टाऊन हॉलच्या खुणेशी जोडलेली आहे. शून्ये जुळविल्याशिवाय हे आकडे एकत्र केले, तर नकाशा सुबक दिसेल आणि उत्तर चुकेल.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. हिंदमाता, लालबाग, परळ व भायखळा या भागांतील पावसाचे पाणी रे रोडच्या ब्रिटानिया नाल्यावाटे समुद्राकडे जाते. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की नाल्याचे मुख समुद्रच अडवितो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयानंतर शहरात उदंचन केंद्रांच्या कामाला वेग आला आणि 2016 मध्ये ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाले. आता पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचा नव्याने विकास करण्याचा विचार चालू आहे. उद्या या जमिनीवर एक मीटरचा भराव पडला, तर नव्या इमारती कोरड्या राहतील. पण शेजारच्या सखल झोपडीतील कुटुंबाचे काय? त्याचे उत्तर भराव टाकण्यापूर्वी नकाशावर शोधता येते. नंतर ते पंपांकडे मागावे लागते.

ग्रामपंचायतीच्या सभासदांना वाटेल, यात आमचा संबंध काय? पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना जाहीर झाली. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र 1988 पासून राज्यासाठी असे नकाशे तयार करीत आहे. म्हणजे संगणकाचा नकाशा आता गावाच्या वेशीपर्यंत आला आहे. तो हाती येताच त्याचे शून्य कोणते आणि मोजणी कधीची, हे विचारावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह नकाशा घेऊन ओढ्याकाठी जावे. गेल्या पुरात पाणी कोठवर आले होते, हे वयोवृद्धांना विचारून ती खूण नकाशावर नोंदवावी. तीही एक मोजणीच आहे.

संगणक आठ शेजारी पाहून पाण्याची वाट ठरवितो. आपणही जमिनीविषयी निर्णय घेताना आठही शेजाऱ्यांकडे पाहिले पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे.