बुद्धिबळाची वही

मंडळी, बुद्धिबळ आपल्या पारावर जुनेच आहे. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादी, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण वीस-वीस वर्षे खेळूनही माणूस होता तिथेच राहतो. असे का होते?

आम्हीही तसेच होतो. हरलो की लगेच म्हणायचो, "मांड पुन्हा!" कुठे चुकलो ते पाहायचेच नाही. मग उद्या पुन्हा तीच चूक.

पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले. बुद्धिबळातली ही सर्वांत मोठी पदवी. पुण्याच्याच सौम्या स्वामीनाथन २००९ साली वीस वर्षांखालील मुलींत जगात पहिल्या आल्या. अशा खेळाडूंना मोठ्या स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावीच लागते. तसा नियमच आहे. मागाहून तो कागद पुढे ठेवून खेळाडू आणि शिक्षक सगळा डाव परत मांडतात.

तुम्हांला आता अक्षरे येतात, आकडे येतात. मग तुम्ही का लिहू नये? पटावर घरे चौसष्ट. उभ्या आठ ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह म्हणा. आडव्या ओळींना त्याच्याच बाजूने १ ते ८ आकडे द्या. (स्पर्धेत इंग्रजी अक्षरे असतात, घरच्या वहीत आपली चालतील.) पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे गेले की लिहायचे 'इ ४'. आपल्या देशी खेळात ते एकच घर जाते. स्पर्धेत पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते.

सरावाला सगळा पट मांडायची गरज नाही. एकीकडे राजा आणि एक प्यादे, दुसरीकडे नुसता राजा, एवढेच मांडा बघू. प्यादे पलीकडच्या काठाला पोचले की त्याचा वजीर करता येतो. नवशिका प्यादेच पळवतो, राजा मागे राहतो, आणि डाव बरेचदा बरोबरीत सुटतो. राजा प्याद्याच्या पुढे न्या, वाट मोकळी करा. अगदी कडेच्या प्याद्याला मात्र हा उपाय सहसा पुरत नाही.

परवा आम्ही आमची वही चाळली. तीन डाव हरलेले, तिघांशी. तिन्हींत आम्ही वजीर फार लवकर बाहेर काढला होता! लिहिले होते म्हणून दिसले.

शनिवारी वर्गात पट आणतो. वही-पेन्सिल तेवढी तुमची तुम्ही आणा.