थोर अल्बट्रॉसांची ओळख

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कायकूरा नांवाचें गांव आहे. तेथें समुद्रतळाची एक खोल दरी किनाऱ्यानजीक येऊन पोंचते. त्यामुळें एरवीं दूरच्या सागरावर संचार करणारे थोर अल्बट्रॉस तेथें लहान नौकेंतूनहि तासाभरांत दृष्टीस पडतात.

प्रथम नजरेंत भरतें तें त्यांचें उड्डाण. पसरलेल्या पंखांची लांबी तीन मीटरांहून अधिक. तरी पंख मारण्याचा खटाटोप जवळजवळ नाहींच. लाटांलगत वारा मंद आणि वर वेगवान असतो. वाऱ्याकडे तोंड करून पक्षी वर चढतो, वळतो आणि वाऱ्याबरोबर खालीं घसरतो. या दोन वेगांतील फरकावरच त्याचा प्रवास चालतो. वारा पडला कीं तो पाण्यावर स्वस्थ बसून राहतो.

या पक्ष्यांत भटका आणि राजेशाही असे दोन प्रकार मुख्य आहेत. नवख्या प्रेक्षकाला दोघेहि सारखेच पांढरे वाटतात. पक्षी नौकेजवळ आला तर चोंच पाहावी. राजेशाहीच्या वरच्या चोंचेच्या कडेला बारीक काळी रेघ असते. भटक्याला ती नसते. दूरच्या पक्ष्याचे पंख पाहावे. भटक्याचें पिल्लूं गडद तपकिरी रंगाचें, तोंड मात्र पांढरें. वयाबरोबर त्याचें अंग उजळतें आणि पंखावरील पांढरेपणा मधल्या भागापासून पसरूं लागतो. राजेशाहीचें पिल्लूं पांढऱ्या अंगानेंच घरटें सोडतें. त्यांतहि दक्षिणी जातीचा पंख पुढच्या कडेकडून पांढरा होत जातो, तर उत्तरी जातीचा पंख वरून जन्मभर काळाच राहतो.

ही पारख म्हणजे केवळ हौस नव्हे. हे पक्षी पिल्लूं वाढलें तर दोन वर्षांतून एकदांच, तेंहि एकच अंडें घालतात. तें उबण्यास सुमारें अकरा आठवडे आणि पिल्लाला उडण्यास आठ-नऊ महिने लागतात. ओटागो द्वीपकल्पाच्या टायारोआ टोंकावर लान्स रिचडेल या शिक्षकानें घरट्यावर पहारा ठेवला, तेव्हां कोठें १९३८ सालीं तेथलें पहिलें पिल्लूं सुखरूप उडालें. तेथीलच ‘आजी’ म्हणून प्रसिद्ध झालेली मादी साठ वर्षांच्या पलीकडे जगली.

असा दीर्घायुषी पक्षी एका गळानें मरतो. मासेमारीच्या लांब दोऱ्यांवर हजारों गळ असतात; आमिष बुडण्यापूर्वीं पक्षी त्यावर झडप घालतो आणि दोरीबरोबर खालीं ओढला जातो. दोऱ्यांना वजन लावणें, त्या रात्रीं सोडणें आणि नौकेमागें फडफडत्या पट्ट्या बांधणें, हे उपाय साधे व परिणामकारक आहेत.

दक्षिणी राजेशाही बहुतेक कॅम्पबेल बेटावर, तर उत्तरी मुख्यतः चॅथम बेटांच्या परिसरांत घरटीं करतात. म्हणून गळाला लागलेल्या पक्ष्याची जात नीट ओळखली, तरच कोणत्या बेटावरचें घरटें उघडें पडलें हें कळतें. चोंचेवरील त्या बारीक रेघेचें खरें महत्त्व यांतच आहे.