तैनाती फौजेचा हिशेब



२०२४ च्या नोव्हेंबरात बल्लारपूर मतदारसंघात विधानसभेच्या प्रचाराचे भोंगे वाजत होते, त्याच सुमारास, ५ तारखेला, अमेरिकेत मतदान झाले आणि डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. धानाच्या कापणीचे दिवस; त्या निकालाची चर्चा इथल्या पारावर फार काळ रंगली नसेल. पण बर्लिन आणि वॉर्सा येथे त्या निकालाने अनेकांची झोप उडाली. दक्षिण कोरियाने तर निकालाची वाटही पाहिली नाही. आपल्या भूमीवरील अमेरिकी सैन्याच्या खर्चाचा वाटा किती उचलायचा, याचा करार त्याने महिनाभर आधीच उरकून घेतला. २०२६ या एका वर्षासाठी १.५२ लाख कोटी वॉन, असा तो आकडा आहे.

मित्राच्या फौजेचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद चांदा मुलखाला मात्र नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी त्याची किंमत याच भूमीने मोजली आहे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. सहा हजार पायदळाची तैनाती फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना हा तह मानवला नाही. ते लढले, अडगाव आणि गाविलगड येथे हरले, आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व वर्धेपलीकडचा वऱ्हाड गमावून बसले. तरीही तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत स्वीकारली नाही. पराभूत राजाच्या या हट्टाचे मोल आपल्या इतिहासलेखनात पुरेसे झालेले नाही. मुलूख गेला तर पुढे-मागे परत घेता येतो. तलवारीची मूठच दुसऱ्याच्या हाती दिली तर कशाने घेणार?

रघूजी १८१६ च्या मार्चमध्ये निवर्तले. पुत्र परसोजी दुर्बल होते. कारभार आपल्या हाती राहावा म्हणून अप्पासाहेबांना बाहेरचा आधार हवा होता, आणि रेसिडेंट जेन्किन्स तो देण्यास उत्सुकच होता. मे महिन्यात गुपचूप तह झाला. कंपनीच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक तुकडी. त्यापोटी दरसाल साडेसात लाख रुपये. शिवाय राजाने तीन हजार स्वार आणि दोन हजार पायदळ स्वतःच्या खर्चाने कंपनीच्या मदतीस सज्ज ठेवायचे. घरातल्या सत्तास्पर्धेवर मात करण्यासाठी घराबाहेरची फौज विकत घ्यायची, असा हा व्यवहार होता.

दीड वर्षात अप्पासाहेबांना त्याचा अर्थ उमगला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि ती ते हरले. पुढे ते कैद झाले. अलाहाबादला नेले जात असताना वाटेतून निसटले. इकडे मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सने चांद्याला वेढा घातला. तोफांनी तट फोडला आणि २० तारखेला किल्ला पडला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता धारातीर्थी पडले. हा अ‍ॅडम्स कोण? नागपूरच्या तैनाती फौजेचा सेनापती. नागपूरच्या रक्षणासाठी म्हणून जी फौज नागपूरच्या पैशाने ठेवायची होती, तिनेच नागपूरकरांचा चांदा जिंकला! त्यानंतर १८३० पर्यंत या जिल्ह्याचा कारभार इंग्रज अधिकारी पाहत होता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने उरलेसुरले राज्यही खालसा केले. चारच वर्षांनी बाबूराव शेडमाके चांद्यात फासावर गेले.

वर्धेपलीकडची कथा याहून बोलकी आहे. निजामाच्या खर्चाने चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिची थकबाकी साचत गेली आणि १८५३ मध्ये त्या बाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीने तो कायमच्या पट्ट्यानेच दिला गेला. दोन पराभवांनी जे होते, ते इथे एका खतावणीने केले.

आता आजचा वाद पाहू. ‘नाटो’ ही १९४९ मध्ये स्थापन झालेली युती. आज तिचे ३२ सदस्य आहेत. एकावर हल्ला तो सर्वांवर, हे तिचे पाचवे कलम. २०१४ मध्ये प्रत्येकाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करावी असे ठरले, तेव्हा तिथवर पोचलेले देश तीनच होते. ट्रम्प यांनी २०१६ पासून यालाच ‘थकबाकी’चे रूप दिले आणि आपल्याकडील वृत्तपत्रांनीही तो शब्द डोळे मिटून छापला. वस्तुतः ही रक्कम अमेरिकेला द्यायची नसून आपापल्याच सैन्यावर खर्चायची असते. कंपनीचा व्यवहार नेमका उलटा होता : तुमची फौज कमी करा, आमची पोसा. हा भेद न जाणता ‘नाटो’ला तैनाती फौज म्हणणे उथळपणाचे ठरेल. त्यातही, पाचवे कलम आजवर एकदाच वापरले गेले, ते २००१ मध्ये, अमेरिकेसाठी. आणि डेन्मार्क, एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशांच्या सैनिकांनी अफगाणिस्तानात प्राण वेचले. हे ऋण कोणत्या रकान्यात मांडायचे?

मग साम्य कुठे आहे? ते परावलंबनात आहे. युरोपातील ‘नाटो’चा सर्वोच्च सेनापती आरंभापासून अमेरिकीच असतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला दिली जाणारी गुप्त माहिती काही दिवस थांबवली. युक्रेन ‘नाटो’त नाही, तरी त्या काही दिवसांत साऱ्या युरोपला आपली पायरी कळली. आधीच्याच महिन्यात जर्मनीतील निवडणूक जिंकणाऱ्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी निकालाच्याच रात्री, युरोपने अमेरिकेपासून टप्प्याटप्प्याने स्वतंत्र व्हावे, अशी भूमिका मांडली. कर्ज काढण्यास काचणाऱ्या त्या देशाने संरक्षणखर्चासाठी राज्यघटनेतील कर्जमर्यादा सैल केली. जून २०२५ मध्ये हेग येथे पाच टक्क्यांचे वचन दिले गेले : साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर, दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. स्पेनने तेवढ्यातही कुरकुर केलीच.

भारत कोणत्याही लष्करी युतीत नाही. १९७१ चा सोव्हिएत संघाबरोबरचा करारही मैत्रीचा होता, तैनातीचा नव्हता. त्याचा भार आपणच वाहतो : २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर. त्यातले काही काम याच जिल्ह्यात, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत होते. भार जड आहे यात शंका नाही. पण ते सैन्य कुठे जाईल, हे पेनसिल्व्हेनियातील मतदार ठरवत नाही. ते ठरवणारे सरकार पोंभुर्ण्याचा मतदारही निवडतो.

हेगच्या वचनाची मुदत २०३५ ची आहे. त्याचा आढावा २०२९ मध्ये घ्यायचे ठरले आहे. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबरात, अमेरिकेचा मतदार पुन्हा मतदानाला जाईल.