मुके आठवडे

ब्रिटनमधील बी.बी.सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या साप्ताहिक गीतकार्यक्रमाचे १९७६ पासूनचे भाग २०११ साली क्रमाने पुन्हा दाखविले जाऊ लागले. त्यांत १९८० च्या उन्हाळ्यातील कित्येक आठवडे मोकळे आहेत. ते भाग हरवले नाहीत. ते झालेच नाहीत. बी.बी.सी.ने काटकसरीसाठी आपले पाच वाद्यवृंद मोडण्याचे ठरविले, तेव्हा वादकांच्या संघाने संप पुकारला. प्रॉम्स महोत्सवाच्या काही मैफलीही बुडाल्या. पुढे तडजोड झाली आणि स्कॉटिश सिंफनी वाद्यवृंद वाचला. आम्ही त्या पोकळीला उणीव म्हणत नाही. गायकामागे बसलेल्या वादकाच्या पोटाचा प्रश्न तिच्यामुळेच आजच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.