इंजिन बदललं, पण आरसीवरचा नंबर?

आम्ही बचत गटाच्या अकरा जणी आज आमच्या टेम्पोची गोष्ट सांगायला आलोय. माइकपुढे एकच बसलीय, पण बोलतोय ‘आम्ही’ म्हणूनच, कारण चूक अकरा जणींची होती.

टेम्पो म्हणजे तोच, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. बँकेचं कर्ज काढून घेतला, गटातल्या एका ताईंच्या नावावर. त्यांचा भाचा चालवतो. टोमॅटोच्या दिवसांत पहाटे नारायणगावचा बाजार, एरवी मिळेल ते भाडं. गेल्या उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता. दिसत होतं सगळ्यांना, पण आज करू, उद्या करू. शेवटी घाटात इंजिन तापून जाम झालं. गॅरेजवाला म्हणाला, ब्लॉकलाच तडा गेलाय, नुसतं बोअर-पिस्टन करून भागणार नाही. नवं महाग पडेल, भंगारातून चांगलं चालू इंजिन आणून बसवतो, 40 हजारांत. इकडे टोमॅटोचा तोडा सुरू. आम्ही हो म्हणालो. चार दिवसांत टेम्पो रस्त्यावर आला. त्या रात्री आम्ही भजी तळली, इतकं बरं वाटलं होतं.

आठ महिन्यांनी टेम्पो पासिंगला नेला. मोटार वाहन निरीक्षकांनी सीट उचलायला लावली, इंजिनावरचा नंबर वाचला, आरसीवरचा वाचला आणि विचारलं, हे इंजिन कुठलं? भाच्यानं खरं ते सांगितलं. बिल मागितलं, तर आमच्याकडे गॅरेजच्या वहीतला फाडलेला कागद. त्यावर ‘इंजिन 1, पैसे मिळाले’ एवढंच. पासिंग झालं नाही. आणि खुलासा कुणाला विचारला? ताईंना. ज्यांनी ते इंजिन डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं त्यांना. मालक म्हणून नाव त्यांचं ना!

ताई घरी येऊन गप्प बसल्या. त्यांच्या घरच्यांनी आम्हाला ऐकवलं, तुमच्या गटापायी आमच्या बाईला चोरीच्या इंजिनाबद्दल विचारतात. इंजिन चोरीचं होतं का? नसेलही. पण नाही असं दाखवायला आमच्याजवळ काय होतं?

तेव्हा कळलं ते सांगतो. आरसीवर गाडीचे दोन नंबर असतात, एक चेसिसचा, एक इंजिनाचा. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. म्हणून बोअर केलं, पिस्टन-रिंगा बदलल्या, हेड बदललं, तर नंबर तोच राहतो, आरटीओत जायची गरज नाही. ब्लॉक बदलला, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला हाफ इंजिन म्हणतात ते नवीन टाकलं किंवा अख्खं इंजिन बदललं, की नंबर बदलला. गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारायचा, ‘दादा, नंबर बदलणार का?’

बदलणार असेल तर गॅरेजच्या आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचं कलम 52 यासाठीच आहे. आधी अर्ज करून परवानगी घ्यायची. काम झाल्यावर 14 दिवसांच्या आत आरसीसह कळवायचं आणि फी भरायची, मग नवा नंबर नोंदला जातो. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं हवं. दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवून ताकद वाढवू म्हणाल, तर ते नोंदवून मिळत नाही. डिझेलचं सीएनजी करायचं असेल तर त्याची वाट वेगळी, मंजूर किटची. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती लागते. आम्ही बँकेला सांगितलंच नव्हतं. साहेब रागावले, आणि त्यांचंही बरोबर होतं. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मालकाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी 2019 पासून तरतूद आहे. मालकाला म्हणजे कुणाला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि विमा! विम्याच्या कागदावरही जुनाच नंबर. आठ महिने आम्ही बाजाराच्या गर्दीतून टेम्पो नेला. कुणाला धक्का लागला असता, तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा होती. हे कळल्यावर आमच्यातल्या दोघींना रात्री झोप लागेना.

भंगारवाल्याकडे तीन खेपा घातल्या. इंजिन कुठल्या गाडीचं, ती गाडी रीतसर मोडीत निघाली होती का, त्याचा कागद दे म्हटलं. त्यानं हात वर केले. शेवटी ते इंजिन त्यालाच परत केलं, पैसे निम्मे मिळाले. मग परवानगीचा अर्ज, बँकेचं पत्र, आणि नवं हाफ इंजिन, यावेळी जीएसटीच्या पक्क्या बिलावर, बिलावर नंबर लिहून घेऊन. पुन्हा तपासणी. दंड भरला. टेम्पो दोन महिने पत्र्याखाली उभा होता आणि माल दुसऱ्याच्या गाडीनं भाडं देऊन जात होता. दोन महिने गटाची बचत त्यातच गेली.

गावात आता सेकंड हँड गाड्या फार येतात. घेताना टायर बघतात, रंग बघतात, टेप वाजवून बघतात. नंबर कोण बघतं? तेल लागलेलं असतं, कापडानं पुसून त्यावर खडू घासला की आकडे उठून दिसतात. आरसी हातात धरून एकेक आकडा जुळवायचा. आम्हाला आधी वाटायचं, हे पुरुषांचं काम. पण कर्जासाठी, योजनेसाठी गाडी आपल्या नावावर घेतात, सही आपली असते.

नवी आरसी आली त्या दिवशी ताईंनी स्वतः टेम्पोची सीट उचलली. भाचा म्हणाला, ‘मावशी, मी बघतो ना.’ ताई म्हणाल्या, ‘तू टॉर्च धर.’ त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि आमच्या खजिनदारानं तो गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतला.