दिवाडी बेट आणि तेथील अन्नदाते

(देवालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या महाजन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंडपात आजवर विद्वान मंडळींनी ताम्रपट, शिलालेख आणि सनदा यांवर व्याख्याने दिली आहेत. मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. दुसऱ्याने सांगितलेला मजकूर स्वच्छ अक्षरांत उतरवून काढणे हा माझा व्यवसाय. तेव्हा समितीने मला बोलण्याचा आग्रह केला, त्या वेळी मी प्रथम संकोचलो. पुढे मनात आले की, एक विषय असा आहे, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही आणि जो मी न सांगितल्यास कदाचित कोणी सांगणारही नाही. तो विषय म्हणजे दिवाडी बेटावरील चहाची दुकाने आणि लहानसहान खानावळी. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले दिसते. देवालयाच्या मंडपात हॉटेलाचे आख्यान कशाला, असे त्यांना वाटत असेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

दिवाडीशी आपले नाते काय, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. कदंब राजांचे आराध्य दैवत श्री सप्तकोटीश्वर याचे मूळ स्थान या बेटावरील नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते देवालय उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या अमदानीत माधव मंत्र्याने त्याची पुन्हा उभारणी केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेले. ज्या गावी ते स्थापन झाले, त्या गावासही आज नार्वे म्हणूनच ओळखतात. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला आणि त्याच वास्तूचे अलीकडे पुन्हा जतनकार्य होऊन २०२३ साली ती भक्तांसाठी खुली झाली. खांडोळ्याचा श्री महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. शेजारच्या चोडण बेटावरून श्री देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास आला. अशा रीतीने आपल्यापैकी कित्येकांची दैवते आणि कित्येकांचे पूर्वज मांडवीच्या पाण्यावरून रात्रीबेरात्री इकडे आले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु जे गेले त्यांची कथा आपण सांगतो. जे मागे राहिले त्यांची सांगत नाही. देव उठला, महाजन उठले. पण बेट काही उठले नाही. तेथील शेते, बांध, तळी आणि माणसे तेथेच राहिली. लिसेंवात शिकताना आम्हांस पोर्तुगालातील नद्यांची नावे मुखोद्गत करावी लागत. मांडवीतील बेटांविषयी मात्र तेथे एक ओळही शिकल्याचे मला आठवत नाही. ते शिक्षण मला मिळाले ते नोकरीत, आणि तेही कचेरीत नव्हे. धक्क्यावरील एका हॉटेलच्या बाकावर.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी नेमणूक बेटावर झाली. दिवाडीस जाण्यासाठी आजही पुलाचा रस्ता नाही. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडचे नार्वे, या तीन ठिकाणांहून फेरीबोट सुटते. कोकण रेल्वे या बेटावरून जाते. १९९८ पासून मुंबईच्या गाड्या दिवाडीच्या शेतांवरून धडधडत जातात, परंतु त्यांना येथे थांबा नाही. ज्याला बेटावर यावयाचे, त्याने पाण्यावरूनच यावे. यामुळे तेथील जीवनाचे घड्याळ म्हणजे फेरीबोट. बोट चुकली की माणूस थांबतो. आणि थांबला की चहा पितो. बेटावरील हॉटेलांचा जन्म असा थांबलेल्या माणसांसाठी झाला आहे.

आपण गोमंतकीय ज्याला हॉटेल म्हणतो, ते काय असते हे परगावच्या महाजनांसाठी सांगतो. कौलारू छपराची एक खोली, धुराने काळवंडलेली चूल, दोन लांब बाक, कपाटात भजी आणि भिंतीवर देवाची तसबीर. पहाटे पोदेर वेताच्या टोपलीतून उंडे आणि पोळे घेऊन येई. तोवर वाटाण्याची पातळ भाजी नारळाच्या वाटणात उकळत असे आणि बटाट्याची सुकी भाजी उतरलेली असे. दोन्ही एकत्र घेणारा ‘मिक्स’ म्हणे. शेतावर जाणारा गडी, शाळामास्तर, पियदादच्या चर्चमध्ये मीस ऐकून आलेली म्हातारी, तारीवाले, सारे याच बाकांवर. दुपारी शीत, हुमण, तळलेला तुकडा आणि सोलकढी. पावसाळ्यात एखाद्याने अळमी आणून दिली, तर त्यांचे तोणाक.

या पानातले अन्न बाजारातून कमी आणि बेटातून अधिक येई. दिवाडीची सखल जमीन म्हणजे खाजन शेती. मातीच्या बांधांनी खारे पाणी अडविलेले आणि बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांची दारे, ज्यांना आपण मानस म्हणतो. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. पावसाळ्यात तेथे कोरगूट हे खारेपणा सोसणारे भात पिकते, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटे, शेवटे, काळुंदर मिळतात. ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली आहे. राजवटी बदलल्या, देवालयांची चर्चे झाली. परंतु बांध फुटला तर हिंदूचे आणि ख्रिस्त्याचे शेत एकाच खाऱ्या पाण्याखाली जाते. म्हणून बांधाची डागडुजी सर्वांनी मिळूनच केली. माझ्या हॉटेलवाल्याच्या चुलीवरही हाच न्याय होता. सोमवारी आणि श्रावणात तो मासळी शिजवीत नसे. कोरेज्माच्या दिवसांत ख्रिस्ती गिऱ्हाइकांसाठी वेगळी भाजी ठेवी. दोन पंचांगे त्याला तोंडपाठ होती.

या हॉटेलात मी पहिली काही वर्षे पाण्याचा घोटही घेतला नाही. आमच्या घरी सोवळ्याओवळ्याचा कडक रिवाज. आजीने डबा बांधून द्यावा आणि मी तो कचेरीच्या व्हरांड्यात एकट्याने खावा, असा क्रम. बोटीची वाट पाहताना मी धक्क्यावर उभा राही. हॉटेलवाला हाक मारी, “बसात बाब, बोट अजून पलतडीच आसा.” मी मान हलवून छत्रीखाली उभाच राही.

आता जे सांगतो ते या मंडपात सांगावयाचे धैर्य मला फार उशिरा आले. याच गृहस्थाचा दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज माझ्या टेबलावर होता. एका कागदावर योग्य मुद्रांक नव्हता. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर तो त्याला बोलावून पाच मिनिटांत काम उरकता. मी तो अर्ज खाली सरकवला. तो येई, दाराशी उभा राही आणि मी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणे. तीन महिने असे गेले. मला लाच नको होती. कोणीतरी आपल्यासमोर तिष्ठत आहे, एवढेच सुख मला पुरे होते.

त्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी नदीला मोठा पूर आला आणि फेरीबोट बंद झाली. धक्क्यावर आम्ही सात-आठ माणसे अडकलो. दिवे गेलेले, वारा असा की छत्री उघडावी तर उलटी व्हावी. हॉटेल मिटलेले होते. मालकाने आतून कंदील आणला, फळ्या काढल्या आणि सर्वांना आत घेतले. शेजारच्या ख्रिस्ती घरातून एक बाई कोरडे कपडे आणि घोंगड्या घेऊन आली. चुलीवर पेज चढली. सर्वांची पाने मांडली गेली, तेव्हा मालक माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाब, तुमचें आयदन वेगळें दवरलां. उदक हांवें स्वता बांयचें हाडलां.” माझ्यासाठी त्याने कोपऱ्यात तीन दगडांची निराळी चूल मांडली होती, नवे मडके काढले होते आणि पेजेबरोबर नुसते आंब्याचे मिसकूट ठेवले होते.

महाजनहो, त्या क्षणी उठून बाकावर जाऊन बसावे, हे मला सुचले होते. परंतु मी बसलो नाही. कोपऱ्यात बसून ती वेगळी पेज मी जेवलो. माझ्या पाठीमागे बाकीचे सारे एका पंगतीस हसतबोलत जेवत होते. ज्याचा अर्ज मी दाबून ठेवला होता, त्याने माझा आचार माझ्याहून अधिक आदराने सांभाळला. परवान्याचा शब्द त्या रात्री त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि नंतरही कधी निघाला नाही.

सकाळी पूर ओसरला. मी पैसे पुढे केले. तो म्हणाला, “न्हय बाब. काल हॉटेल बंद आशिल्लें.” त्याच्या लेखी ते हॉटेल नव्हतेच, त्याचे घर होते आणि आम्ही पाहुणे होतो. त्या दिवशी कचेरी उघडताच मी पहिले काम कोणते केले, हे आपण ओळखले असेल. दुपारी डबा तसाच ठेवून मी बाकावर जाऊन बसलो आणि उंडा व पातळ भाजी मागितली. त्याने काही आश्चर्य दाखविले नाही. बशी ठेवली आणि शेजारच्या माणसाला थोडे सरकावयास सांगितले. पुढे बदली होईपर्यंत माझी ती जागा ठरलेली होती.

त्या बाकावर मी जे ऐकले, ते मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. कोणत्या बांधाला कोणत्या वर्षी भगदाड पडले, गोकुळाष्टमीस नार्व्याच्या तीर्थावर स्नानाला येणाऱ्यांची सोय कोण करतो, कोटीतीर्थाच्या पायऱ्यांवरील रान कोण साफ करतो, पियदादच्या टेकडीवरील स्मशानाच्या चॅपेलात जुन्या देवालयाचा कोरीव दगड कसा दिसतो. हे सांगणाऱ्यांत हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. आपण ज्याला ‘आपले मूळ स्थान’ म्हणतो, त्याची आठवण त्यांनीही जपली होती, आणि तीही कसलाही मान किंवा हक्क न मागता.

आज ते हॉटेल नाही. मालक निवर्तला, मुले परदेशी गेली. फळ्या लावलेल्या आहेत. बेटावर इतर दुकाने आहेत, काही चांगली चालतातही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराच्या उत्सवास हजारो लोक बेटावर उतरतात आणि त्या दिवशी कोणालाही बसावयास जागा मिळत नाही. परंतु दुकान वर्षातील एका दिवसावर तगत नाही. ते तगते सोमवारच्या सकाळी चहा पिणाऱ्यावर. शेजारच्या चोडणला २०२५ पासून रो-रो फेरीबोट सुरू झाली आहे. सोय वाढते, ती वाढावीच. बेटावरच्या आजारी माणसास रात्री नदी ओलांडण्याचे भय काय असते, हे मी पाहिले आहे. त्या भयाच्या बदल्यात जुनी मौज टिकवा, असे मी कधीही म्हणणार नाही. पण थांबण्याचा वेळ कमी झाला म्हणजे बाकावर बसणारे कमी होतात, ही गोष्टही खरी आहे.

मग माझे मागणे काय? आपल्यापैकी पुष्कळ मंडळी मूळ स्थानाच्या दर्शनास बेटावर जातात. मोटारी फेरीबोटीत चढतात, घरून बांधून नेलेले खाणे झाडाखाली खाल्ले जाते, छायाचित्रे निघतात आणि पुढच्या बोटीने सारे परत. मीही तसाच वागत होतो, म्हणून मला तसे बोलण्याचा थोडा अधिकार आहे. पुढच्या वेळी एखाद्या दुकानात बसावे. उंडा-भाजी मागवावी, चहा घ्यावा, पैसे द्यावेत आणि दोन गोष्टी विचाराव्यात. आपले पूर्वज ज्यांच्या भरवशावर शेते आणि तळी टाकून निघाले, त्यांचे वंशज तेथे आहेत. देवाचे दर्शन घेऊन त्यांची विचारपूस न करता परतणे म्हणजे माहेरी जाऊन उंबऱ्यावरूनच मागे फिरण्यासारखे आहे.

आपल्या मंडपात पंगतीचा क्रम, मानाचे नारळ आणि प्रथम प्रसाद यांवरून किती वाद होतात, हे मी समितीची इतिवृत्ते लिहिताना पाहिले आहे. त्या वादांचे इतिवृत्त लिहीत असताना मला नेहमी ते कोपऱ्यातले तीन दगड दिसत. वेगळी चूल मागावयास फारसे काही लागत नाही. न मागता दुसऱ्यासाठी ती मांडणाऱ्याचे मन मोठे असावे लागते. आणि ती सोडून पंगतीत येऊन बसावयास जे धैर्य लागते, ते मला एक रात्र उशिरा मिळाले. आपणांस ते वेळेवर मिळो, एवढीच देवाच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.