क्षमा आणि प्रायश्चित्त

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानांना परकी नाहीत. ही पवार घराण्याची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच नगरात नांदल्या. माळव्याचे पठार सोडून दक्षिणेस नर्मदेच्या दिशेने उतरू लागले की दोन्ही जिल्ह्यांत डोंगराळ, आदिवासी वस्तीचा मुलूख लागतो. देवास जिल्ह्यातील उदयनगर हे अशाच भागातील गाव. तेथे घडलेली एक घटना समोर ठेवून क्षमेचा विचार करणे उचित होईल.

केरळातील पुल्लुवळी या गावी १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया १९९२ साली उदयनगरला आल्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या व्रतस्थ भगिनी. गरीब शेतकऱ्यांनी सावकाराच्या पाशातून सुटावे, आपले हक्क ओळखावेत, म्हणून त्या खेडोपाडी हिंडत. ज्यांचे हितसंबंध यामुळे दुखावले, त्यांचा रोष वाढत गेला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या असता समुंदर सिंह नावाच्या तरुणाने सुऱ्याने वार करून त्यांचा प्राण घेतला. त्यांच्या देहावर ५४ जखमा होत्या. त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते.

श्रोतेहो, अशा कृत्याला क्षमा असू शकते काय? कॅथॉलिक धर्मशिक्षण प्रथम पापाचे गांभीर्य नीट मोजते. बाब गंभीर असावी, ती वाईट आहे याचे पूर्ण ज्ञान असावे आणि मनाची पूर्ण संमती असावी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ते प्राणघातक पाप होते. मात्र पश्चात्ताप करणाऱ्याला परमेश्वर क्षमा करणार नाही असे एकही पाप नाही, हेही चर्च तितक्याच ठामपणे सांगते.

बाप्तिस्मा घेतलेल्या माणसासाठी या क्षमेचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्रायश्चित्त संस्कार. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. या संस्कारात पापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात : अंतःकरणापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपाशी गंभीर पापांचे स्पष्ट निवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई. चोराने चोरलेले परत करावे, निंदकाने दुसऱ्याची अब्रू सावरावी. धर्मगुरूने पापमुक्ती दिली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. ऐकलेले पाप तो धर्मगुरू जन्मभर कोणापाशी उघड करू शकत नाही, हे खरे. परंतु त्या गुप्ततेचा हेतू पाप्याला निर्भयपणे सत्य बोलता यावे हा आहे. त्याला आपल्या कर्माच्या फळापासून पळता यावे, हा नव्हे.

खून करणाऱ्याने भरपाई कशी करावी? गेलेला प्राण परत देता येत नाही. येथेच माणसाने माणसाला केलेल्या क्षमेचे मोल कळते.

समुंदर सिंहाला जन्मठेप झाली. तो ख्रिस्ती नव्हता. पापनिवेदनाचा संस्कार त्याच्यासाठी नव्हता. स्वामी सदानंद या कॅथॉलिक धर्मगुरूंनी तुरुंगात त्याची भेट घेतली, त्याच्याशी स्नेह जोडला. पुढे २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि जिने आपल्या बहिणीला मारले त्या मनगटावर तिने राखी बांधली. हत्येला तेव्हा सात वर्षे लोटली होती. क्षमा हा क्षणाचा उमाळा नसतो. तिला पिकायला काळ लागतो. त्या राखीने पाप पुसले गेले नाही, शिक्षाही संपली नाही. मारेकऱ्याला एक नाते मात्र मिळाले, आणि आपण कोणाला मारले हे त्या नात्यामुळेच त्याला पुरते उमगले.

पुढे कुटुंबाने व चर्चने त्याच्या सुटकेसाठी शासनाकडे विनंती केली आणि २००६ साली तो मुक्त झाला. त्याने केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांची भेट घेतली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यपद देण्यात आले.

या घटनेत तीन अधिकार वेगवेगळे राहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दंड देण्याचा व कमी करण्याचा अधिकार शासनाचा; पापमोचनाचा अधिकार परमेश्वराचा; आणि 'मी तुला क्षमा केली' असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी घाव सोसला त्यांचा. पुष्कळदा आपण हा तिसरा अधिकार परस्पर वापरतो. शेजारच्या विधवेला, फसवल्या गेलेल्या कुळाला, 'झाले गेले विसरा' असा उपदेश आपण सहज करतो. सेल्मी पॉल यांना तसा उपदेश करण्याचा हक्क कोणालाही नव्हता. म्हणूनच त्यांनी स्वतः होऊन दिलेल्या क्षमेला किंमत आली.

ज्याच्या हातून पाप घडले त्याने वेळ न दवडता सत्य बोलावे आणि भरपाईला लागावे. ज्याने घाव सोसला त्याला मात्र वेळ द्यावा. त्याच्या दाराशी बसावे, त्याचे ऐकावे, आणि क्षमेचा शब्द त्याच्याच तोंडून येऊ द्यावा.